मासा जिकडे तोंड करील

तिने माशाच्या फोटोला शेवटची टाचणी टोचली आणि मागे सरून पाहिलं, तर अख्खा वर्ग हसत होता. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी भिंतीवर प्रत्येकाच्या वाट्याला एक चौकट आली होती. ज्याच्यामुळे आपण या डिझाइनच्या नादी लागलो, त्या कलावंताला तिथे मानाने बसवायचं होतं. बाकीच्यांच्या चौकटींत जगभर गाजलेली मंडळी होती, कुणी पोस्टरवाले, कुणी अक्षरं घडवणारे, सगळे कसे गंभीर चेहऱ्याचे. आणि हिच्या चौकटीत काय, तर दवाखान्याच्या भिंतीवरचा एक निळा मासा, तोही रंग उडालेला!

"हे कुणाचं काम?" सरांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"मासा ताजा वाटत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

सर हसले नाहीत. माणूस खवट खरा, पण मनाने वाईट नव्हता. "आभार मानायचेत ना तुला? मग कुणाचे, ते नको कळायला? सोमवारी प्रदर्शन उघडतंय. तोवर नाव आण, नाहीतर चौकट रिकामी राहील."

घरी आत्या भाजी निवडत बसली होती. हिला लहानाचं मोठं केलं ते आत्याने. ग्राफिक डिझाइन म्हणजे नक्की काय, हे तिला अजून धड समजलं नव्हतं, पण माशाची गोष्ट तिला ठाऊक होती.

"मग शोध की," आत्या म्हणाली. "जितीजागती असेल ती व्यक्ती, तर तिच्यासमोर उभी राहा आणि सांग. अशी गोष्ट मनात ठेवून कुणाचं भलं झालंय?"

दवाखान्याच्या भांडारात एक जुने कारकून होते. फोटो बघताच त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा, त्या बाई! रोज येऊन भांडायच्या. कशावरून ते विसरलो, पण आवाज अजून कानात आहे." पत्ता मात्र त्यांनी हसत हसत दिला. कुणाचं नशीब कुठे उघडेल, सांगता येत नाही.

दार बाईंनीच उघडलं. सत्तरी ओलांडलेल्या, बारीक कापलेले केस, नजर अशी की समोरच्याने आपोआप नीट उभं राहावं. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, कुठे शिकतेस म्हणून चौकशी केली. मग तिने फोटो पुढे केला आणि बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"अजून आहेत हे भिंतीवर?"

"आहेत ना. बाई, मला याच्याखाली तुमचं नाव..."

"मुळीच नाही. माझं नाव याच्याखाली घालायचं नाही."

आता काय करायचं, हे तिने ठरवलंच नव्हतं.

"चित्रं माझीच," बाई म्हणाल्या. "बाण बघून आजारी माणूस बिचकतो, म्हणून मासा काढला. मासा जिकडे तोंड करील, तिकडे जायचं. पण मी ते डोळ्यांच्या उंचीवर लावायला सांगितलं होतं. तिथून गेले होते पाइप. पाइप कोण हलवणार? दिले लावून खाली, कमरेपाशी! भांडले, रडले, कुणी ढिम्म हललं नाही. उद्घाटनाच्या दिवशी लोक माझ्या माशांना खेटून उभे होते आणि एकमेकांना विचारत होते, वॉर्ड कुठेय म्हणून. नाक कापलं गेलं माझं. त्यानंतर पुन्हा असलं काम हातात घेतलं नाही. आणि तू त्याला चौकटीत बसवतेस?"

"पण बाई, ते माझ्या नाकासमोर होते," ती म्हणाली. "मी सात वर्षांची होते."

आणि मग ती बोलत सुटली. आई त्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर होती. बाबांची औषधांसाठी धावपळ चाललेली. खालच्या स्वयंपाकघरातून थर्मासमध्ये गरम पाणी आणायचं काम हिच्याकडे. पहिल्याच दिवशी ती चुकली. जिकडे बघावं तिकडे मोठ्या माणसांचे नुसते पाय, पाट्या उंचावर, आणि वाचताही धड येत नव्हतं. रडू अगदी गळ्याशी आलं, तेवढ्यात पायांच्या गर्दीतून एक निळा मासा तिच्याकडे बघत होता. त्याच्यापुढे आणखी एक. असं करत करत ती आईच्या खाटेपाशी.

बाई उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

"चल. बघू दे मला."

दवाखान्याच्या बोळात तीच गर्दी होती. बाईंनी आधी वरच्या पाइपांकडे जुन्या वैऱ्याकडे बघावं तसं बघून घेतलं. मग विचारलं, "केवढी होतीस तू?"

तिने कमरेपाशी हात धरून दाखवला. बाईंनी भिंतीचा आधार घेतला आणि 'आई गं' करत सरळ फरशीवर बसल्या.

एक नर्स धावत आली. "आजी, चक्कर आली का?"

"चक्कर नाही. काम चालू आहे माझं."

नर्स बिचारी गोंधळून निघून गेली. बाई माणसांच्या पायांमधून बघत राहिल्या. इथला मासा दिसत होता, बाकाच्या पलीकडचा दिसत होता, थेट वळणावरचाही दिसत होता.

"मी म्हणत होते तिथे लावले असते," त्या हळूच म्हणाल्या, "तर तुला दिसलेच नसते."

"नसते दिसले."

बाईंनी पदराने चष्मा पुसला. चेहरा कसा निवळला होता. "आई बरी झाली ना मग?"

ती त्यांच्या शेजारी खाली बसली.

"नाही झाली."

बाईंचा हात तिच्या हातावर आला.

"पण मी रोज पोचले, बाई. शेवटच्या दिवशीसुद्धा. बाबा औषध आणायला गेले होते, तिच्याजवळ मी एकटीच होते. दोन घोट प्यायली ती. पाणी गरम होतं." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "तुमच्यामुळे पोचले. एवढंच सांगायचं होतं. कुणाला सांगायचं, तेच माहीत नव्हतं."

बाईंनी तिच्याकडून पेन आणि कागद मागून घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. लिहून झालं तरी त्या उठल्या नाहीत. तीही बसून राहिली, आणि येणारीजाणारी माणसं दोघींना वळसा घालून जात राहिली.