तारा दहावी पास झाली

आमच्या चर्चच्या वाचन मंडळात माणसं सहा आणि कादंबरी एकच. पुस्तक दर आठवड्याला एका घरी जाणार, त्या माणसानं एक प्रकरण वाचायचं आणि रविवारी उपासनेनंतर चहासोबत बाकीच्यांना तोंडी सांगायचं, मग चर्चा. हा नियम माझाच. पस्तीस वर्षं गोंदियात मराठी शिकवलं, त्यामुळे नियम करायची खोड आहे. तो मोडलाही मीच. दुसऱ्यांच्या सांगण्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून नागपूरहून गुपचूप स्वतःची प्रत मागवली.

नववं प्रकरण दवनीवाड्याच्या जमुनाबाईंकडे होतं. त्यात नायकाची धाकटी बहीण तारा तापानं जाते. जमुनाबाईंनी मात्र सांगितलं, "सात दिवस ताप होता, मंग उतरला. पोरगी उठून पेज प्याली." मला वाटलं, बाईंनी शेवटची पानं वाचलीच नाहीत. बोललो असतो तर माझी चोरी उघडी पडली असती, म्हणून गप्प बसलो.

पुढच्या रविवारी ईश्वरदास. रेल्वेतून निवृत्त झालेला, शब्दाला पक्का माणूस. पुस्तकात त्या प्रकरणात आई ताराचे कपडे वाटून टाकते. यानं तिला शाळेत धाडलं, वर सायकल घेऊन दिली. माझं डोकं तापायला लागलं. हे लोक पुस्तक उघडतच नाहीत, नुसत्या थापा मारतात, असं मी धरून चाललो.

तिसरी पाळी चंद्रकांताबाईंची. त्यांची मुलगी रुचिका दीड वर्षापूर्वी अशाच तापानं गेली, दहावीचा निकाल लागायच्या आधी. मला हे ठाऊक होतं. मी तिच्या मातीला गेलो होतो. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त पुस्तक होतं.

चंद्रकांताबाई पदर सावरून सांगायला लागल्या, "तारा दहावी पास झाली. चौऱ्याहत्तर टक्के. आईनं मोहल्ल्यात पेढे वाटले."

"तारा नवव्या प्रकरणातच मेली," मी म्हणालो. पिशवीतून माझी प्रत काढली आणि ते पान मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

जमुनाबाईंनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर चंद्रकांताबाई पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेल्या होत्या.

चार रविवार त्या आल्या नाहीत. मंडळही भरलं नाही. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. माफीची वाक्यं पाठ केली होती, एकही आठवलं नाही. "माझं चुकलं, बाई," एवढंच म्हणालो.

त्यांनी पाणी दिलं. "मास्तर, मले का मालूम नव्हतं? पुस्तक आठवडाभर माझ्याच घरी होतं. वाचलं मी." पेला परत घेत म्हणाल्या, "जमुनाबाईनं जगवली, ईश्वरदासभाऊनं शाळेत धाडली. माझ्या पाळीले मी तिले पास केली. चांगलं चालून राहिलं होतं. तुमी काऊन मारलं तिले?"

येत्या रविवारी मंडळ पुन्हा भरणार, पाळी माझी. ताराला कॉलेजात घालायचं ठरवून आठवडाभर वही घेऊन बसतो आहे. एक ओळ सुचत नाही. जन्मभर मी पुस्तकात आहे तेवढंच सांगत आलो.