वीस रुपयांत नागपूर

कुशाबा कुडपणचा, आणि गुरांच्या बाजारात मुरलेला. तिथे रुमालाखाली बोटं दाबून दर ठरला की ठरला. शब्द फिरवणाऱ्याच्या रुमालाखाली पुन्हा कोणी हात घालत नाही. तरीही महाडच्या सायबर कॅफेत पुतण्याने, यशराजने, कुशाबाच्या आईचं जुनं जातं कॉम्प्युटरवर विकायला ठेवलं आणि विचारलं, "काका, पाठवणावळ किती लिहू?" तेव्हा ह्या मुरलेल्या माणसाने क्षणभरही विचार केला नाही.

"लिव वीस."

वीस का? तर परळच्या भावाला तांदळाचं पोतं धाडायचं ते मुंबईच्या एस.टी.त टाकून, ड्रायव्हरच्या चहाला वीस रुपये देऊन. जन्मभर पोतं बिनबोभाट पोचत होतं.

पाचव्या दिवशी नागपूरच्या कोणा सुप्रियाताईंनी जातं सातशेला घेतलं. पैसेही आले. घरबसल्या नागपूरला दगड विकला, हे कुशाबाने साऱ्या कुडपणाला दोन-दोनदा ऐकवलं. मग तो आणि बायको बयाबाई जीपमध्ये जातं घालून महाडला उतरले. ट्रान्सपोर्टवाल्याने काट्यावर ठेवून सांगितलं, अडतीस किलो, नऊशे रुपये.

कुशाबाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. तो तडक एस.टी. स्टँडवर गेला. एका ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं, वर चहाही पाजला. "काका, परळपर्यंत नेतो," तो म्हणाला. "तिथनं नागपूरला काय ढकलत नेऊ?"

कॅफेत यशराजने समजावलं. सौदा आपण मोडला तर नावापुढे लाल खूण, पुढे कोणी काही घेणार नाही. नाहीतर पदरचं घालून गप्प बसायचं. "किंवा बाईंशी खरं बोला. चूक आपलीच आहे."

दिलेला शब्द फिरवायला कुशाबाची जीभ रेटेना. पण एकशेऐंशी रुपये वर देऊन आईचं जातं घालवायचं, हा तरी कुठला धंदा? शेवटी यशराजने मोबाइल लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाई, चूक माजी हाय. वीस सांगितलं, भाडं नऊशे पडतंय."

"अय्या! मग राहू द्या ना, काका. मला हॉलमध्ये त्याच्यावर कुंडी ठेवायला हवं होतं. मीच रद्द करते, तुमच्या नावाला काही होणार नाही."

म्हणजे शब्दही शाबूत आणि पदरचे पैसेही. कुशाबाने सुटकेचा श्वास सोडायचा, तर त्याला कुंडी झोंबली. "आयच्या जात्यावर कुंडी? माज्या लग्नाची हळद दळली त्याच्यावर! नायच द्येत. घरी नेतो परत."

आतापर्यंत बाकड्यावर बसून ऐकणारी बयाबाई उठली. तिने कमरेची पिशवी सोडून अंडी विकून साठवलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या.

"भाडं मी भरते."

"येडी झालीस काय गो?"

"तीस वर्सं अंधारात उठून नाचणी दळली. तुमी घोरत व्हतात. माजा खांदा गेला. गावात गिरण आली, वाटलं सुटले. तर तुमची आय म्हनं, गिरणीच्या पिठाला चव नाय. ती गेली, तरी ह्ये कोपऱ्यात बसून माज्याकडं बगतंय. आता घरी न्यायचं तर न्या. पन उद्यापासनं तुमी दळायचं."

कुशाबाने यशराजकडे पाहिलं. यशराज कीबोर्ड पुसायला लागला.

फोन चालूच होता. पलीकडून सुप्रियाताईंचा आवाज जरा बिचकत आला. "मावशी, निम्मं भाडं मी देते."

"नको गो बाय," बयाबाई फोनकडे वाकून म्हणाली. "तू कुंडी ठेव, नायतर त्याच्यावर पाय ठेवून बस. फकस्त परत धाडू नको."