पुढचं मडगार्ड

"पुढचं कुठंय?" डेनिसने विचारलं.

"घरी. कोळशाच्या खोलीत."

"आज तारीख काय, मेव्हिस?"

"नोव्हेंबरचा पहिला रविवार. मला कॅलेंडर वाचता येतं."

चौकात वीसेक जण सायकली धरून उभे होते. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि रस्ता अजून ओलाच होता. आमच्या इंग्लंडातल्या लँकशायरमध्ये चर्च बुडवलेलं चालतं, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी मडगार्डं नसलेली सायकल क्लबच्या रविवारच्या फेरीत चालत नाही. डेनिस क्लबचा सेक्रेटरी. आठवडाभर गोदामात साहेबाची बोलणी खायची आणि या एका रविवारी वाकून वाकून सगळ्यांची मडगार्डं तपासायची, एवढाच काय तो त्याचा रुबाब.

मेव्हिस हॉल्डन एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. वय शेहेचाळीस, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. तिची हिरवी सायकल बावीस वर्षांपूर्वी अल्बर्ट क्लेगने स्वतःच्या हाताने बनवली होती. क्लेग म्हणजे क्लबचे अध्यक्ष. त्यांच्या हातची सायकल मिळणं हा गावात मान समजला जाई, आणि मेव्हिसनेही तो बावीस वर्षं मिरवला. फक्त सायकल लहान असली तरी चाकं इतरांएवढीच मोठी होती. हँडल जास्त वळवलं की पुढच्या पायडलवरच्या बुटाचं टोक चाकाच्या अगदी जवळ येई. उन्हाळ्यात मधे बोटभर जागा राही. हिवाळ्यात मडगार्ड बसलं की ती जागाच संपे आणि बूट मडगार्डवर आपटे.

सपाट रस्त्यावर एवढं वळावं लागतच नाही. पण चॅपलच्या चढावर रस्ता एकदम उलटा फिरतो. तिथे पाय थांबवला तर सायकल थांबते, आणि फिरवला तर बूट अडकतो. म्हणून दर हिवाळ्यात मेव्हिस तिथे उतरून चालत चढायची आणि वरून हे बाप्ये ओरडायचे, "चाल, मेव्हिस, चाल! चहा निवतोय!" गेल्या फेब्रुवारीत तिला त्याचा इतका संताप आला की ती उतरलीच नाही. बूट अडकला, मडगार्ड दुमडून चाकात गेलं आणि ती उजव्या मनगटावर पडली. हाड जुळलं, पण वाकडं. आता बटाट्यांचं मोठं पातेलं तिला उचलत नाही. जिच्या हातात अख्खं स्वयंपाकघर होतं ती आता खिडकीशी उभी राहून पोरांच्या ताटात वाटाणे वाढते.

"नियम सगळ्यांना सारखा," डेनिस म्हणाला.

"कशासाठी आहे नियम? मागच्याच्या तोंडावर चिखल उडू नये म्हणून ना? ते काम मागचं मडगार्ड करतं. हे बघ, आहे. खाली रबरही लावलंय. पुढचं फक्त माझे पाय कोरडे ठेवतं. माझे पाय आहेत, भिजू देत की!"

"एकीला सोडलं की उद्या सगळेच काढतील."

"बायकांना वळणं जमत नाहीत, त्याला मडगार्ड काय करणार?" मागून कोणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं फिदीफिदी हसले.

मेव्हिसच्या डोक्यात सणक गेली. ती सायकल घेऊन थेट क्लेगसाहेबांसमोर गेली. सत्तरी उलटलेला माणूस भिंतीला टेकून उभा होता.

"मिस्टर क्लेग, खाली वाका."

"अगं, काय झालं?"

"वाका म्हणते ना!" तिने बूट पायडलवर ठेवला आणि हँडल वळवलं. "किती जागा आहे?"

क्लेग गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "बोटभर."

"मडगार्ड लावल्यावर?"

त्यांनी चाकावर अंगठा टेकवला.

"बावीस वर्षं तुम्ही मला सांगताय, वळताना पाय सांभाळ, तुझं लक्ष नसतं. मीही तेच समजत आले. माझंच चुकतं. आज खरं सांगा. बनवताना तुम्हाला कळलं नव्हतं?"

क्लेग सावकाश सरळ झाले. "कळलं होतं."

हसणारे दोघं-तिघं जवळ सरकले.

"चाकं लहान घालता आली असती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण सायकल दिसायला बेढब झाली असती. माझं नाव होतं ना गं तिच्यावर."

त्यांना शिव्या द्याव्यात असं मेव्हिसला फार वाटलं. तिने दुखरं मनगट दुसऱ्या हाताने चोळलं.

डेनिस खाकरला. "असं कर, तू मागे राहा. सगळ्यांच्या मागे, पन्नास पावलं सोडून."

"तिथेच तर असते मी नेहमी," ती म्हणाली.

चॅपलच्या चढापर्यंत ती मागेच राहिली. वळणाआधी क्लेगसाहेब उतरले होते आणि धापा टाकत सायकल ढकलत होते. 'चाल, चाल' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. ती काही न बोलता त्यांच्या बाजूने पुढे गेली. वळणावर तिने हँडल पुरतं वळवलं आणि पाय फिरवत राहिली. बुटाचं टोक चाकाजवळून गेलं, पुन्हा गेलं, कुठेही लागलं नाही. वळण संपलं तेव्हा ती डेनिसच्या बरोबरीने होती.

"ए मेव्हिस! मागे! मागे राहायचं ठरलंय!"

ती थांबली नाही. एकेकाला मागे टाकत ती सगळ्यांच्या पुढे गेली, आणि चहाच्या दुकानापर्यंतचे तीन मैल अख्खा क्लब तिच्या मागून आला. दुकानाच्या दारात तिने बूट काढले आणि मोजे पिळले तर खाली पाण्याचं थारोळं झालं. डेनिसने हात फिरवून आपला चेहरा चाचपला, मग कोट पाहिला. त्याच्यावर चिखलाचा एक थेंबही नव्हता.