पेरिनाच्या टाक्यातली वाम

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. ठेवलात, तर मलाच तुमची काळजी वाटेल. पण यातला एक शब्द जरी कुणी खोटा ठरवला, तरी हा तुमचा म्हातारा बार्बा या मिशा भादरून टाकील.

आपल्या बेटावर ना झरा, ना नदी. छपरावर पडेल तो पाऊस घराखालच्या टाक्यात, आणि त्यावर वर्ष काढायचं. टाक्यात एक वाम, म्हणजे तो सापासारखा लांब मासा, सोडली की ती किडे-अळ्या खाऊन पाणी निर्मळ ठेवते. आपले आजे-पणजे हेच करत आले. मग बंदरात पाण्याची बोट यायला लागली आणि आपण शेफारलो. टाक्यांत औषधाची पूड टाकली, वामा तळून खाल्ल्या, आणि नळ वाहता ठेवून दाढ्या करायला लागलो.

आमच्या गल्लीतली पेरिना तेवढी बदलली नाही. तिची वाम होती, बाईसाहेब नावाची. पालेभाजी धुतलेल्या पाण्यात पेरिना पाय धुवायची, त्याच पाण्यानं जिना, आणि जिन्यावरून ओघळलेलं पाणी टोमॅटोच्या आळ्यात. पुढे पुढे त्या पाण्याला इतकी सवय झाली, की भाजी धुऊन झाली की ते आपणहून जिन्याकडे निघायचं. एकदा मध्ये माझा पाय आला, तर वळसा घालून गेलं!

शेजारची ल्युत्से तिला चिडवायची, "पेरिना, आता डोळ्यातलं पाणीसुद्धा बाटलीत भर हो."

"भरते की. मासे खारवायला होईल."

त्या उन्हाळ्यात आभाळ रुसलं. पाण्याची बोटही बंद पडली. पेरिनाचा मुलगा निक्शा, हा काय इथंच बसलाय, तिकडे स्प्लिट शहरात राहतो, तिथून आला आणि अडून बसला. "आई, पुरे झाला हा हट्ट. टाकं आटलं की सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं."

"चौथ्या मजल्यावर?"

"लिफ्ट आहे."

"आणि बाईसाहेब कुठं राहणार?"

"न्हाणीघरातल्या टबात राहू दे."

"मग मी आंघोळ कुठं करू, तुझ्या लिफ्टमध्ये?"

पण शेवटी तिनं शब्द दिला. टाकं आटलं, तर येईन. आणि पेरिनाचा शब्द म्हणजे शब्द. जन्मापासूनचं घर, ती गल्ली, तो समुद्र, सगळं आता त्या टाक्यावर अवलंबून.

आम्ही आधी हसलो. मग आमच्याही टाक्यांचे तळ दिसायला लागले, तसं हसू ओसरलं. ल्युत्सेनं गुपचूप अंगणात घंगाळ ठेवलं आणि भाजीचं पाणी झाडांना घालायला लागली. पलीकडच्या तोन्कोनं आपली बोट गोड्या पाण्यानं धुणं सोडलं. आणि मी? मी वाइनमध्ये पाणी घालायचं बंद केलं, नुसतीच प्यायलो. निसर्गासाठी एवढा त्याग मी आयुष्यात केला नव्हता! गल्लीतली टाकी तगली, ती त्या बाईचं बघून. पण तिचं स्वतःचं टाकं सगळ्यांत लहान. संत रोकोच्या सणाला निक्शा दुपारच्या बोटीनं येणार होता, आणि आदल्या दिवशी पेरिनाची बादली खाली नुसती खरवडून वर आली. तशी पेरिना पलंगपोस काढून घड्या घालायला लागली.

आता नीट ऐका. पहाटे बाईसाहेब उठल्या. टाक्याच्या दगडावरून सरपटत वर, गल्ली ओलांडून माझ्या टाक्यात. तिथं गाल फुगवून पाणी भरून घेतलं आणि परत. मग ल्युत्सेकडे, मग तोन्कोकडे. अशा खेपांवर खेपा! उजाडता उजाडता पेरिनाच्या टाक्यात कमरेएवढं पाणी. दुपारी या निक्शानं बादली सोडली, ती काठोकाठ भरून वर आली. ओंजळभर प्यायला आणि संध्याकाळच्या बोटीनं एकटाच परत गेला. पेरिना अजून तिथंच आहे, जाऊन बघा. आणि ती वाम, देवाशपथ, अजून धापा टाकते...

"बार्बा, बस करा!" निक्शा पोट धरून हसत उठला. "मी दुपारच्या नाही, पहाटेच्याच बोटीनं आलो होतो. चर्चच्या भिंतीआड उभा राहून सगळं बघितलंय. त्या वामेला टक्कल होतं, याच मिशा होत्या, दोन्ही हातांत बादल्या होत्या, आणि ती ल्युत्सेला दटावत होती, 'हळू ओत गं बये, पेरिना जागी होईल!'"