साक्षीदार व्हॉल्व्ह

काटेमास्तर हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलं होतं. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कुणी काहीही सांगो, मास्तर मीटरच्या काट्याकडे बघूनच निकाल द्यायचे. माणूस थापा मारतो, काटा मारत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायको म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हाच मीटर घेऊन यायचं होतं. नापास झाले असते, सुटले असते."

आता दुकानाचा पुढचा भाग मोबाइलवाल्याला दिला होता आणि मागच्या खोलीत मास्तर एका टेबलापुरते उरले होते. तिथे एका सकाळी तिशीची एक मुलगी आली आणि दारातच थांबली.

"काका, मी तुमची पुतणी."

मास्तरांना ओळख पटायला वेळ लागला नाही, कपाळ सगळं धाकट्या भावाचं होतं. त्या भावाशी सव्वीस वर्षं बोलणं नव्हतं. पुतणी तेव्हा चार वर्षांची असेल.

"बाबांना न सांगता आलेय. मी जुने रेडिओ दुरुस्त करते. तुमच्याकडे व्हॉल्व्ह टेस्टर आहे म्हणे. चालू करून द्याल?"

'कशाला आलीस' असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं होतं, पण टेस्टरचं नाव निघालं आणि हात शिवशिवले. स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरून पेटी काढली. सुटकेसएवढी पेटी, वर नाना आकारांची सॉकेटं, मध्ये मीटर. सॉकेटात व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतली ती काचेची नळी, बसवायचा आणि बटण दाबायचं. काटा हिरव्या पट्ट्यात गेला तर व्हॉल्व्ह चांगला, लाल पट्ट्यात अडकला तर बाद.

पेटीमागून एक पत्र्याची डबीही खाली आली. आत कापसात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह.

"साक्षीदार!" पुतणी म्हणाली. "बाबांनी सांगितलंय मला."

मास्तरांची ती शिस्तच होती आणि धाकट्याला त्यांनीच ती शिकवली होती. सकाळी पहिला व्हॉल्व्ह गिऱ्हाइकाचा लावायचा नाही, आपला खात्रीचा लावायचा. साक्षीदार हिरव्यात गेला की टेस्टर शुद्धीवर आहे असं समजायचं, आणि मगच दुसऱ्याला पास-नापास करायचं.

त्यांनी पेटी झटकली, फुगलेले दोन कंडेन्सर बदलले, वायरींचे सांधे नव्याने झाळले आणि साक्षीदार लावला. काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला.

"म्हातारा झालाय बिचारा," मास्तर म्हणाले. "माझ्यासारखाच."

"डबीत पडून व्हॉल्व्ह म्हातारा होतो का हो, काका?" पुतणीने पिशवीतून आपला एक व्हॉल्व्ह काढला. "हा कालपर्यंत माझ्या रेडिओत वाजत होता. हा लावा."

तोही लाल पट्ट्यात.

मास्तरांनी दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला ठेवले. पेटी उलटी करून त्यांनी एकेक रेझिस्टर सोडवून मोजायला घेतला. मीटरच्या वाटेवरचा एक तपकिरी रेझिस्टर दहा हजार ओहमचा होता, तो सोळा हजार दाखवत होता. वरून अगदी साळसूद, ना जळल्याचा डाग, ना वास. जुने रेझिस्टर असेच चढत जातात आणि काट्याला वर येऊ देत नाहीत. त्या टेस्टरवर राजा लावा की भिकारी, दोघेही नापास.

नवा रेझिस्टर झाळून होताच साक्षीदार थेट हिरव्यात गेला. पुतणीने टाळी वाजवली. मास्तर मात्र काढलेल्या जुन्या रेझिस्टरकडेच बघत होते. हा रेझिस्टर कधीपासून चढलेला होता?

ते पुन्हा स्टुलावर चढले. माळ्याच्या कोपऱ्यात एक खोकं होतं. त्यात चाळीस कोरे व्हॉल्व्ह होते, प्रत्येकाच्या डबीवर लाल पेन्सिलीची फुली, आणि फुली मास्तरांच्याच हातची. धाकट्याने दुकानासाठी आणलेला तो शेवटचा माल.

तो माल आला त्या दिवशी एक गिऱ्हाईक तिसऱ्यांदा रेडिओ परत घेऊन आलं होतं आणि तुमचे व्हॉल्व्हच खोटे म्हणून चारचौघांत बोलत होतं. मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी खोकं फोडलं, एकेक व्हॉल्व्ह टेस्टरवर लावला आणि एकेकावर फुली मारली. मग सगळ्यांदेखत ओरडले, "वापरलेला माल पुसून नवा म्हणून सख्ख्या भावाच्या गळ्यात मारतोस? चोर आहेस तू, चोर!" धाकट्याने एकदा साक्षीदाराच्या डबीकडे बघितलं, एकदा दादाकडे. मग दुकानाची किल्ली त्या डबीच्या झाकणावर ठेवली आणि निघून गेला. गप्प राहिला म्हणजे चोरच, असं मास्तरांनी तेव्हा धरलं. त्याच संध्याकाळी टेस्टर आणि डबी माळ्यावर गेली, ती आजच उतरली होती.

आता त्यांनी पहिला व्हॉल्व्ह लावला. हिरवा. दुसरा, हिरवा. तिसरा त्यांनी पुतणीच्या हातात दिला, पुढचे तिनेच लावले. अडतीस हिरव्यात गेले. दोनच जरा कमी पडले, तेवढे नव्या मालातही निघतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि फाशी देणारा न्यायाधीश रोज सकाळचा नियम त्या एकाच सकाळी विसरला होता.

"मला घेऊन चल," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"चला. पण काका, बाबांना आता फार कमी ऐकू येतं. मशीन लावत नाहीत, हट्टी आहेत. ओरडून बोलावं लागेल."

बसमध्ये मास्तरांनी साक्षीदाराची डबी मांडीवर धरून ठेवली होती. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, हळूच, कानाशी बोलण्यासारखं. ते पोचले तेव्हा धाकटा घराच्या गॅलरीत खुर्चीवर बसला होता. केस पिकलेले. दादाला बघून तो उठला, आणि सवयीने त्याने खुर्ची पुढे केली.

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"माझं चुकलं रे!"

धाकट्याने कानामागे हात धरला. मग मास्तर ओरडले, सव्वीस वर्षांपूर्वी ओरडले होते तितकंच मोठ्याने. "तुझे व्हॉल्व्ह चांगले होते! टेस्टर बिघडलेला होता! तू चोर नव्हतास!" समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. मास्तरांनी उघडू दिल्या. ही लाज त्यांच्या हक्काची होती.

धाकट्याने डबी उघडली आणि साक्षीदार बोटांत फिरवून पाहिला.

"मला माहीत होतं, दादा. त्या सकाळी तू हा लावलाच नव्हतास. मी बघत होतो."

"मग बोलला का नाहीस?" मास्तरांना रडू आवरेना. "तिथल्या तिथे तोंडावर मारायचं होतंस माझ्या!"

हे मात्र त्याला ऐकू आलं, की चेहऱ्यावरून कळलं, कोण जाणे.

"गिऱ्हाइकं उभी होती ना. त्यांच्यादेखत तुला कसा खोटा पाडू?" धाकट्याने व्हॉल्व्ह पुन्हा कापसात गुंडाळला. "वाटलं, गर्दी ओसरली की लावून बघशील आणि घरी येशील. त्या दिवशी मी जेवायचा थांबलो होतो."