वार्देच्या हाताचं मीठ

वार्देच्या पोटात दुखायला लागलं ते आदल्या रविवारीच. मिस्सा संपता संपता गावचे पाद्री अबूना रूकोझनी वेदीसमोरूनच सांगून टाकलं, "यंदा देवमातेच्या सणाचा हरीसा सुकैनाबाई करतील. वार्दे त्यांना मदत करील."

मदत! गेली बावीस वर्षं दर चौदा ऑगस्टला गहू आणि मटणाचा तो भलामोठा हंडा चर्चच्या अंगणात वार्देनंच घोटला होता. आणि ही सुकैना कोण? देशाच्या दक्षिणेत बॉम्ब पडायला लागल्यावर चर्चच्या हॉलमध्ये येऊन राहिलेल्या तीस शिया कुटुंबांतली एक. आपल्या गावी मोहरममधल्या आशुराला ती असाच हरीसा करायची म्हणे. करत असेल. तिला कुठला आपला उपास, वर चाखूनही बघत असेल!

वार्देची सगळी मिजास इथेच तर होती. सणाआधीचा आठवडा गावाचा उपास, चौदाच्या संध्याकाळच्या मिस्सेपर्यंत मटण जिभेला लावायचं नाही. त्यामुळे हंड्यात मीठ पडायचं ते नुसत्या अंदाजानं, आणि तो अंदाज वार्देचा. एखाद्या वर्षी अळणी झालं तरी लोक मुकाट्यानं खायचे.

"बरं झालं बाई," चौदा तारखेला सकाळी सरपण सारता सारता शेजारची तक्ला म्हणाली, "एकदाचा कुणीतरी चाखलेला हरीसा मिळणार."

"मग बावीस वर्षं काय उपाशी होतीस?" वार्दे फणकारली.

"अगं, चिडतेस काय? मी आपलं म्हटलं."

सुकैना पळा फिरवत राहिली. डोक्याला काळा रुमाल बांधलेला. बायका मात्र तिच्याभोवती नुसत्या घोटाळत होत्या. एकीनं घाम पुसायला फडकं दिलं, दुसरीनं खुर्ची आणली. वार्देला इतक्या वर्षांत कुणी साधं स्टूल विचारलं नव्हतं.

दुपारी सुकैनानं थोडंसं चाखलं, बेतानं मीठ घातलं आणि ती नमाजाला आत गेली. बायका वाडगे धुवायला नळावर गेल्या होत्या. वार्देनं इकडेतिकडे पाहिलं आणि दोन मुठी मीठ हंड्यात टाकून ढवळून दिलं. काळजाला कसं गार वाटलं तिच्या!

मिस्सेनंतर पहिला वाडगा अबूनांचा. त्यांनी एक घास घेतला आणि त्यांना ठसकाच लागला.

सुकैनानं पळ्यावरचं बोटानं चाखलं. वार्देकडे पाहिलं, एकदाच. मग डोळे पुसत म्हणाली, "माझाच हात जड पडला, अबूना. घरची आठवण आली, भान राहिलं नाही. माफ करा."

झालं! बायका धावल्याच. तक्लानं तर तिला मिठीच मारली. "अगं पोरी, रडतेस काय? मिठाचं काय एवढं! पाणी घालू, गहू घालू, पुन्हा घोटू!"

वार्दे बघतच राहिली. हरीसा अळणी झाला होता त्या वर्षी तिला कुणी जवळ घेतलं होतं का? मीठ टाकायचं आपण आणि माया न्यायची तिनं? हे मात्र तिला सोसवेना.

"मीठ मी टाकलंय!" ती ओरडली. "दोन मुठी! मुद्दाम, जळून टाकलंय! ही खोटं बोलतेय!"

अबूना वाडगा ठेवून उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघा रे," ते म्हणाले. "पाहुणीची लाज राखायला आपली वार्दे स्वतःवर आळ घेतेय. आणि लोक म्हणतात, हा देश एक राहायचा नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो अबूना, देवाशपथ, मीच..."

"पुरे, वार्दे. किती मोठं मन दाखवशील?" अबूनांनी दोघींचे हात धरले आणि एकमेकींच्या हातात दिले. सुकैनाच्या तळव्याला पळ्यानं फोड आले होते. ती वार्देच्या कानाशी वाकली.

"घर गेलं, ताई. गाव गेलं," ती हळूच म्हणाली. "एक दिवस हंडा तरी माझा राहू द्यायचा होतास."

टाळ्या थांबेनात. वार्देनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण अबूनांनी तो घट्ट धरून ठेवला होता.