लाल ठिपक्याची पेटी

मित्रांनो, कपाळावर कुंकू आणि पोटात पाण्याचे डाग असलेली मी एक जुनी पेटी आहे. बाजाची पेटी. शहरात मला हार्मोनियम म्हणतात, पण आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला एवढे लांबलचक नाव घ्यायला कुणाला सवड नसते. माझी गोष्ट हसरी नाही. तरी ऐका. ती ऐकून तुमच्या घरातले एखादे वाद्य वाचले तर मला बरे वाटेल.

माझे लाकूड धारणीकडचे सागवान. अकोल्यातल्या एका बोळात गयासुद्दीन मिस्त्रींचे छोटे दुकान आहे. तिथे त्यांनी मला घडवले. आवाज काढणाऱ्या पितळेच्या पत्त्या घासून सुरात आणल्या, भात्याला सरसाने कातडे चिकटवले. पहिल्यांदा माझ्यात हवा भरली तेव्हा मी चक्क ओरडले. मिस्त्री हसले.

"आवाज तं आला. आता अक्कल शिकवतो," असे म्हणून ते पुन्हा कानस घेऊन बसले.

मला घेऊन गेला देवमन. गावात सगळे त्याला देवमनभाऊ म्हणत, पण माझ्या भात्यावर हात ठेवणाऱ्याला मी एकेरीतच हाक मारते. तो गावाच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा. बारशाला मी गेले, लग्नाच्या आदल्या दिवशी गेले, आणि कुणी वारले तर देवमनच्या गळ्यात लटकून तिरडीच्या पुढेही चालले. मी वाजू लागले की रडू दाबून बसलेली माणसे मोकळी रडायची. बारशात त्याच सुरांवर बाया टाळ्या वाजवून हसायच्या. याचे मला मोठे नवल वाटे, आणि खरे सांगायचे तर थोडा गर्वही होता.

देवमन एरवी मुखदुर्बळ माणूस. त्याची बायको गोदाबाई मला सवत म्हणायची.

"माह्याशी बोलाले याईले तोंड नाई," ती शेजारणीला सांगे, "अन् पेटीपुढं बसले का थांबतच नाई!"

तिने मला कधी हात लावला नाही. मीही तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

मग एका उन्हाळ्यात देवमन अंगणात उभ्याउभ्या कोसळला. अमरावतीच्या दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याचे उजवे अंग लुळे होते आणि वाचा गेली होती. त्याला सगळे कळायचे. समोरचा काय म्हणतो, कशाला हसतो, सारे कळायचे, पण शब्द ओठापर्यंत येतच नसत. 'अं, अं' एवढेच येई. चिडून तो डाव्या हाताने खाटेवर बुक्क्या मारी. मला त्या खाटेखाली सरकवून वर जुनी चादर टाकली होती. तिथे मी महिनोन् महिने त्या बुक्क्या ऐकल्या. फार वाईट दिवस होते ते.

त्यांची मुलगी रागिणी अमरावतीला कॉलेजात शिकते. सुट्टीत ती घरी आली. घरातल्या त्या शांततेचा तिला वीट आला असावा. एका संध्याकाळी तिने मला ओढून बाहेर काढले, धूळ फुंकली आणि बापाचे आवडते भजन वाजवायला घेतले. बोटे अडखळत होती. पण दुसऱ्या ओळीला खाटेवरून आवाज आला. देवमन गात होता! शब्दांसकट, स्वच्छ. गोदाबाईच्या हातातले सूप खाली पडून ज्वारी घरभर झाली. ती ज्वारीतच बसून रडली आणि रडता रडता हसली. माझ्या उभ्या आयुष्यात इतका आनंद मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिला नाही.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की अशा आजारात बोलणे गेले तरी गाणे कधी कधी मागे उरते. रोज गाऊ द्या, आणि घरातली साधी वाक्ये त्याच चालीत बसवा. रागिणीला तर परत जायचे होते. तिने माझ्या एका पांढऱ्या पट्टीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि म्हणाली, "आई, तू भाता हालव अन् हेच दाबून धर. बाबा गातीन."

अशी माझी आणि सवतीची दिलजमाई झाली. गोदाबाई रोज सकाळी पदर खोचून माझ्यापुढे बसे, लाल ठिपक्यावर सगळा जोर लावून बोट दाबे, आणि देवमन भजनाच्या चालीत म्हणे, "गोदा, च्या मांड." ती हसत उठे. चहाची तलफ नसली तरी तो ते पुन्हा म्हणे, आणि ती पुन्हा मांडे. मग "भूक लागली" आले, "खिडकी उघड" आले. माझा सूर थांबला की शब्द अजून अडकत. पण एक दिवस कुणी न शिकवलेले वाक्य त्याने चालीत म्हटले, "गोदा, तू बस इथं." लग्नाला इतकी वर्षे झाली, त्याने तिला असे कधी म्हटले नव्हते. ती चहाचे भांडे चुलीवर तसेच ठेवून त्याच्याजवळ बसली.

त्यानंतर खंडेनवमी आली.

तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी आपल्याकडे पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा होते. विळे, कुऱ्हाडी, फवारणीचा पंप, मोटरसायकल, सगळे धुऊन पुसून अंगणात मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. माझी पूजा देवमन स्वतः करायचा. कोरड्या फडक्याने पुसून एक फूल ठेवायचा, बस. गोदाबाई तेव्हा स्वयंपाकघरात असे, तिने ते कधी पाहिले नव्हते. या वर्षी तिला वाटले, जिने नवऱ्याला वाचा दिली तिची पूजा सगळ्यांत साग्रसंगीत व्हायला हवी. तिने मला अंगणात नेले आणि बादली भरून आणली.

दारातून देवमनला सगळे दिसत होते. तो 'अं, अं' करू लागला. डावा हात जोरजोराने हलवू लागला. मित्रांनो, त्याला ओरडायचे होते. पण ज्या सुराच्या आधाराने त्याला बोलता येई, तो सूर माझ्या पोटात होता, आणि मी बाहेर बादलीजवळ होते.

"पाह्य, किती खूश झाले!" गोदाबाई मला म्हणाली. तिने तांब्या तांब्याने मला न्हाऊ घातले. पट्ट्यांच्या फटींतून पाणी आत गेले. मग मला उन्हात वाळवले, उचलून खाटेपाशी नेले, हळदकुंकू आणले आणि त्याचा तो हलणारा हात धरून त्याच्याच बोटाने माझ्या कपाळी कुंकू लावले. तो रडत होता. तिला वाटले, आनंदाने.

दसऱ्याला रागिणी आली. तिने भाता हलवला. माझ्यातून नुसती हवा निघाली.

"आई, पेटी धुते का कोनी? काऊन धुतली तू?"

गोदाबाई खाटेकडे वळली. "तुमी मले थांबवून राह्यले होते का?"

देवमनने होकाराची मान हलवली. मग डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्या दोघींनी मला एस.टी.ने अकोल्याला नेले. मिस्त्री आता थकले आहेत. त्यांनी मला उघडले आणि सुटलेल्या सांध्यांवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "बहन, पानी लागलं की सरस सुटते, अन् उन्हानं लकडी फाटते. बनवून देतो, पर वेळ लागन."

"लवकर करा, भाऊ. त्याईचं बोलनं हिच्यात हाय," गोदाबाई म्हणाली. "अन् तो लाल ठिपका खरडू नका."

त्यांनी घाई केली, पण लाकडाला घाई करता येत नाही. मी दुकानाच्या सावलीत वाळत पडले असताना देवमनला दुसरा झटका आला. मी घरी परतले तेव्हा खाट रिकामी होती. तिरडीपुढे पेटी वाजली नव्हती. आयुष्यभर ज्याने लोकांना वाजवत पोचवले, तो मुक्याने गेला. शेवटच्या दिवसांत त्याला गोदाबाईला काय सांगायचे होते, ते आता कुणालाच कळणार नाही. हे आठवले की माझ्या नव्या फळीलाही तडा जाईल असे वाटते.

यंदा पुन्हा खंडेनवमी झाली. शेजारची पोर आरती हौसेने मदतीला आली आणि तांब्या भरून माझ्याजवळ वाकली. गोदाबाई धावत आली.

"तिले पानी नको!" ती ओरडली. देवमनला म्हणायचे होते तेच, आणि तेवढ्याच जोराने. मग तिने मला पदराने पुसले, मांडी घालून बसली आणि लाल ठिपका दाबून धरला. मी सूर दिला. आम्ही दोघी थांबलो. खाटेवरून कुणी गायले नाही. तेव्हा ती स्वतःच म्हणाली, बेसूर आणि घोगऱ्या आवाजात, भजनाच्या चालीवर, "गोदा, तू बस इथं."

मित्रांनो, तुमच्या घरी पेटी असेल, तबला असेल, आजोबांची बासरी असेल. दसऱ्याला तिच्यावर फूल वाहिले नाही तरी चालेल. तिला कोरडे ठेवा आणि रोज थोडा वेळ हात लावा. आणि तिच्याजवळ बसणारे माणूस आहे तोवर तुम्हीही त्याच्याजवळ बसा.